'पासवर्ड विसरलात?' : जँगोमधल्या पासवर्ड रिसेटमधले बदल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, पतसंस्था, वाचनालयं, छोटे कारखाने यांच्यासाठी जँगोवर (पायथॉन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर) लिहिलेली पुष्कळ वेब अ‍ॅप्स आजही जुन्या आवृत्तीवर चालू आहेत. 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा' या विचाराने ती तशीच राहतात. ती ५.२ वर न्यायची वेळ आली की लॉगिन, अ‍ॅडमिन, रिपोर्ट सगळं तपासलं जातं, पण 'पासवर्ड विसरलात?' ही लिंक मात्र शेवटच्या दिवशी आठवते. माझं ठाम मत आहे की रिसेट हेसुद्धा लॉगिनच आहे. पासवर्ड माहीत नसताना आत यायची ती अधिकृत वाट आहे, म्हणून तिची तपासणी मुख्य दारापेक्षा कडक हवी. खालचे प्रश्न असं काम करणाऱ्यांकडून वरचेवर येतात.

जुन्या आवृत्तीवरून नवीनवर जाताना रिसेटमध्ये नेमकं काय मोडतं?

तीन गोष्टी. १.६ मध्ये (२०१३) लिंकमधला वापरकर्त्याचा आयडी बेस-३६ ऐवजी बेस-६४ मध्ये लिहिला जाऊ लागला, त्यामुळे यूआरएलचा नमुना बदलला. १.११ मध्ये (२०१७) रिसेटचे व्ह्यू (पानाची विनंती हाताळणारा कोड) क्लासच्या रूपात आले आणि २.१ मध्ये जुने फंक्शन व्ह्यू काढून टाकले. या दोन्ही ठिकाणी अ‍ॅप लगेच एरर देतं, म्हणजे निदान कळतं तरी.

तिसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण ती एरर देत नाही. लिंकची मुदत पूर्वी 'पासवर्ड रिसेट टाइमआउट डेज' या सेटिंगने दिवसांत ठरायची. ३.१ मध्ये (२०२०) त्याऐवजी सेकंदांत मोजणारं 'पासवर्ड रिसेट टाइमआउट' आलं आणि ४.० मध्ये जुनं सेटिंग हद्दपार झालं. सेटिंग्जच्या फाइलमध्ये जुनी ओळ तशीच राहिली, तर जँगो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि मूळ मुदत लावतो : २,५९,२०० सेकंद, म्हणजे तीन दिवस. कुणी विचार करून एक दिवस ठेवला असेल, तर अपग्रेडनंतर त्याचे गुपचूप तीन होतात. सेटिंग्जमध्ये आधी ही ओळ शोधा.

रिसेटचं टोकन (लिंकमधला गुप्त कोड) डेटाबेसमध्ये कुठल्या टेबलात असतं?

कुठल्याच नाही. हे पटायला जड जातं, म्हणून कितीतरी जण स्वतःचं टोकन टेबल बनवतात आणि मग जुन्या नोंदी साफ करणारा क्रॉन जॉब लिहीत बसतात.

टोकनचे दोन भाग असतात, मध्ये एक डॅश. पहिला भाग म्हणजे १ जानेवारी २००१ पासून मोजलेली वेळ, बेस-३६ मध्ये. दुसरा भाग म्हणजे एक एचमॅक सही, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय बनवता न येणारी खूण. ती सही वापरकर्त्याचा आयडी, त्याच्या पासवर्डचा सध्याचा हॅश (पासवर्डचं उलगडता न येणारं रूप), शेवटच्या लॉगिनची वेळ, टोकनची वेळ आणि ईमेल यांवर सर्व्हरची सीक्रेट की (गुप्त किल्ली) वापरून केलेली असते. लिंक परत आली की जँगो हीच सही नव्याने करून ताडून बघतो.

यातली गंमत बारकाईने बघण्यासारखी आहे. पासवर्ड बदलला की हॅश बदलतो, सही जुळत नाही आणि लिंक मरते. वापरकर्त्याने जुनाच पासवर्ड पुन्हा टाकला तरी सॉल्ट (हॅश करताना मिसळलेला रँडम मजकूर) नवं असतं, म्हणून हॅश वेगळाच निघतो. म्हणजे 'एकदाच वापर' हा नियम कुठलीही नोंद न ठेवता पाळला जातो. मधल्या काळात पासवर्ड आठवला आणि माणूस नेहमीसारखा आत आला, तर शेवटच्या लॉगिनची वेळ बदलते आणि मेलमध्ये पडून असलेली लिंक निकामी होते. ईमेल मात्र ३.१ पासून या सहीत आलं. त्याआधी ईमेल बदलल्यावरही जुन्या मेलबॉक्समधली लिंक मुदत संपेपर्यंत चालायची.

एक सावधगिरी. तुमचं मोबाइल अ‍ॅप जेडब्ल्यूटीने (सही केलेल्या टोकनने) लॉगिन करत असेल, तर शेवटच्या लॉगिनची वेळ आपोआप बदलेलच असं नाही. त्यासाठीच्या सिंपल जेडब्ल्यूटी या लायब्ररीमध्ये ती सोय मुळात बंद असते, ती चालू करावी लागते.

मुदत किती ठेवावी?

पैशांचा व्यवहार असेल तर एक तास. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या अ‍ॅपला एक दिवस पुरे. पंधरा मिनिटं वगैरे ठेवू नका. काही मेल सर्व्हर अनोळखी पत्त्यावरून आलेलं मेल मुद्दाम उशिरा घेतात, आणि मेल पोचायच्या आधीच लिंक शिळी झाली की लोक पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतात.

जुन्या आवृत्तीत मोजमाप मध्यरात्रीवर चालायचं, म्हणून 'एक दिवस' म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ दोन दिवसही होऊ शकत. सेकंदांचं सेटिंग आलं ते बरंच झालं.

लिंक उघडल्याबरोबर पत्त्यातलं टोकन गायब होऊन तिथे 'सेट-पासवर्ड' दिसतं. हा बग आहे का?

बग नाही, १.११ मध्ये मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. पूर्वी टोकन पत्त्यातच राहायचं. त्या पानावर बाहेरच्या कंपनीचं अ‍ॅनालिटिक्स किंवा फॉन्ट असेल, तर ब्राउझर रेफरर (विनंती कुठल्या पानावरून आली ते) म्हणून पूर्ण पत्ता टोकनसकट तिकडे पाठवायचा. आता पहिल्या भेटीत टोकन तपासून सेशनमध्ये (त्या ब्राउझरपुरत्या नोंदीत) ठेवलं जातं आणि टोकन नसलेल्या पत्त्यावर पाठवलं जातं.

यातून एक तक्रार मात्र हमखास येते. माणूस मेल अ‍ॅपमध्ये लिंक दाबतो, पान अ‍ॅपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे टाइप करायला अवघड जातं म्हणून तो वरचा पत्ता कॉपी करून क्रोममध्ये टाकतो. क्रोममध्ये ते सेशन नसतं, त्यामुळे 'लिंक अवैध आहे' असा निरोप मिळतो. लिंक मेलेली नसते, चुकीचा पत्ता कॉपी झालेला असतो. अवैध लिंकच्या पानावर 'मेलमधली लिंक पुन्हा दाबा किंवा नवीन लिंक मागवा' एवढं साध्या मराठीत लिहा, अशा तक्रारी बऱ्याच कमी होतील.

कंपन्यांचे मेल स्कॅनर लिंक आधीच उघडून बघतात, त्याने टोकन खर्ची पडत नाही. नवीन पासवर्डचा फॉर्म सबमिट झाल्यावरच लिंक संपते. तुम्ही स्वतः लिहिलेल्या व्ह्यूमध्ये नुसत्या उघडण्याने टोकन संपत असेल, तर ते आधी दुरुस्त करा.

एकच लिंक कधी चालते, कधी 'अवैध' म्हणते. हे कसं काय?

लोड बॅलन्सरमागे (विनंत्या वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दोन सर्व्हर आहेत का बघा, आणि दोघांची सीक्रेट की एकच आहे का बघा. काही जण सर्व्हर सुरू होताना की रँडम तयार करतात. मग एका सर्व्हरने सही केलेली लिंक दुसऱ्याकडे गेली की ती नाकारली जाते.

सीक्रेट की बदलायची असेल तर ४.१ पासून 'सीक्रेट की फॉलबॅक्स' आहे. जुनी की काही दिवस तिथे ठेवली की वाटेत असलेल्या लिंका आणि लॉगिन असलेली माणसं अडकत नाहीत. की कोडबरोबर गिटवर (कोड साठवायच्या जागी) चुकून गेली असेल, तर मात्र जुनी की फॉलबॅकमध्ये ठेवू नका. लोकांना पुन्हा लॉगिन करावं लागलं तरी चालेल.

'हा ईमेल आमच्याकडे नोंदलेला नाही' असं दाखवायला ग्राहक सांगतो. दाखवू का?

नका दाखवू. ग्राहकाला वाटतं यात सोय आहे. पण त्या एका वाक्यामुळे कुणीही हजार पत्ते टाकून तुमच्याकडे कोणाकोणाचं खातं आहे याची यादी काढू शकतो. दवाखान्याच्या किंवा कर्जाच्या अ‍ॅपमध्ये एवढी माहितीसुद्धा माणसाला अडचणीत आणू शकते. जँगोचं मूळ उत्तर दोन्ही वेळा सारखंच असतं : खातं असेल तर मेल येईल. तेच ठेवा, फक्त मराठी नीट लिहा.

निरोप सारखा असूनही गोष्ट फुटू शकते, हे सप्टेंबर २०२४ मध्ये दिसलं. मेल सर्व्हर बंद असताना खरा पत्ता टाकला की मेल पाठवण्याचा प्रयत्न व्हायचा, तो फसायचा आणि ५०० एरर यायची. खोटा पत्ता टाकला की काहीच न पाठवता नेहमीचं पान यायचं. या फरकावरून खातं आहे की नाही हे ओळखता येत होतं. सुरक्षा-त्रुटींच्या सीव्हीई या यादीत सीव्हीई-२०२४-४५२३१ म्हणून ते नोंदलं गेलं आणि ५.१.१, ५.०.९ व ४.२.१६ मध्ये दुरुस्त झालं. आता मेल फसलं तर एरर फक्त लॉगमध्ये जाते. याचा अर्थ असा की तो लॉग आता कुणीतरी रोज वाचला पाहिजे, नाहीतर मेल बंद पडल्याचं तुम्हाला कळणारच नाही.

वेळेचा फरकही बोलतो. मेल पाठवायला सेकंदभर लागत असेल, तर खऱ्या पत्त्याला उत्तर उशिरा येतं. मेल सेलरीसारख्या (कामं मागे चालवणाऱ्या) रांगेत टाका, म्हणजे दोन्ही उत्तरं सारख्याच वेळात जातील.

२०१९ च्या 'बिनटिंबाच्या आय'चं प्रकरण काय होतं?

रिसेटच्या इतिहासातलं हे प्रकरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. तुर्की भाषेत टिंब नसलेला एक छोटा आय (ı) असतो. तो कॅपिटल केला की नेहमीचा इंग्रजी कॅपिटल आय होतो. जँगो ईमेल शोधताना लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानत नव्हता. त्यामुळे ईमेलमध्ये साध्या आयच्या जागी हा तुर्की आय टाकला, तर काही डेटाबेसमध्ये दोन्ही पत्ते एकच ठरायचे.

इथपर्यंत ठीक होतं. खरी खोट पुढे होती : लिंक डेटाबेसमधल्या पत्त्यावर न जाता फॉर्ममध्ये टाइप केलेल्या पत्त्यावर जायची. हल्लेखोराने तसा दिसणारा पत्ता स्वतःकडे घेतला की दुसऱ्याच्या खात्याची लिंक थेट त्याच्या हातात. १८ डिसेंबर २०१९ रोजी ३.०.१, २.२.९ आणि १.११.२७ या आवृत्त्यांत सीव्हीई-२०१९-१९८४४ ची दुरुस्ती आली. पत्ते युनिकोडच्या नियमाने नीट ताडले जाऊ लागले आणि मेल फक्त नोंदलेल्या पत्त्यावर जाऊ लागलं.

तुम्ही रिसेटचा फॉर्म स्वतःच्या क्लासने बदलला असेल, तर अपग्रेड करूनही ही दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचलेली नसू शकते. मेल कुठल्या पत्त्यावर जातं ती ओळ उघडून स्वतः वाचा. टाइप केलेला पत्ता वापरला असेल तर आजच बदला.

मेलमधल्या लिंकमध्ये भलतंच डोमेन कसं काय येतं?

'अलाउड होस्ट्स'मध्ये (साइट कुठल्या डोमेनवर चालेल ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) फुली (*), म्हणजे 'कुठलाही होस्ट चालेल', असं लिहिलेलं असणार. जँगोचं साइट्स फ्रेमवर्क (साइटचं डोमेन डेटाबेसमध्ये ठेवायची सोय) वापरत नसाल, तर लिंकमधलं डोमेन विनंतीच्या होस्ट हेडरमधून घेतलं जातं, आणि तो हेडर पाठवणारा हवा तसा लिहू शकतो. हल्लेखोर तुमच्या ग्राहकाच्या नावाने रिसेट मागतो आणि होस्टमध्ये स्वतःचं डोमेन घालतो. मेल तुमच्याच सर्व्हरवरून, तुमच्याच नावाने जातं. ग्राहकाने लिंक दाबली की टोकन हल्लेखोराकडे. 'अलाउड होस्ट्स' हे सेटिंग २०१३ मध्ये याच कारणासाठी आलं. त्यात फक्त तुमची डोमेनं लिहा.

काही वापरकर्त्यांना मेल येतच नाही. स्पॅममध्येही नाही.

जँगो फक्त चालू खात्यांना आणि ज्यांच्याकडे वापरता येण्याजोगा पासवर्ड आहे त्यांनाच मेल पाठवतो. गूगलने लॉगिन करणाऱ्यांना पासवर्डच नसतो, म्हणून त्यांना मेल जात नाही. त्यांच्यासाठी लॉगिनच्या पानावरच 'गूगलने खातं उघडलं असेल तर गूगलचंच बटण वापरा' असं लिहून ठेवा.

उलटा प्रकारही होतो : एकालाच तीन मेल येतात. आपल्याकडे घरातल्या सगळ्यांची खाती वडिलांच्या किंवा मोठ्या मुलाच्या ईमेलवर असतात, आणि जँगोच्या मूळ यूजर मॉडेलमध्ये ईमेल एकमेव असण्याची सक्ती नाही. अशा वेळी प्रत्येक खात्याचं वेगळं मेल जातं. म्हणून मेलच्या मजकुरातून वापरकर्ता नाव काढू नका. ते नसेल तर नातवाने स्वतःचा समजून आजीच्या खात्याचा पासवर्ड बदलल्याचं कुणाच्याच लक्षात येणार नाही.

लिंकऐवजी मोबाइलवर ओटीपी पाठवला तर?

ज्यांचं ईमेल नुसतं नावाला आहे, त्यांच्यासाठी ओटीपी लागतोच. पण तो करताना जँगोचं आयतं संरक्षण मागे राहतं, सगळं तुम्हाला लिहावं लागतं.

सहा आकड्यांच्या ओटीपीला फक्त दहा लाख शक्यता असतात. प्रयत्नांवर मर्यादा नसेल तर संगणक त्या सगळ्या करून बघतो. २०१६ मध्ये बंगळुरूच्या आनंद प्रकाश या संशोधकाने फेसबुकच्या बीटा साइटवर नेमकं हेच दाखवलं. मुख्य साइटवर मर्यादा होती, बीटावर नव्हती. फेसबुकने त्याला १५,००० डॉलर दिले. २०१९ मध्ये लक्ष्मण मुथिया यांनी इन्स्टाग्रामच्या रिसेटमध्ये पुढची पायरी दाखवली. तिथे मर्यादा होती, पण अनेक आयपी पत्त्यांवरून एकाच वेळी विनंत्या पाठवल्या की ती चुकवता येत होती. त्यांना ३०,००० डॉलर मिळाले. यातून घ्यायचा नियम असा : मोजणी आयपीवर नाही, खात्यावर करा. पाच चुका झाल्या की तो ओटीपी रद्द. ओटीपी डेटाबेसमध्ये हॅश करून ठेवा, दहा मिनिटांत संपवा. आणि टेस्ट सर्व्हर खऱ्या डेटावर चालत असेल, तर त्यालाही हेच नियम.

भारतात एसएमएससाठी हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवावं लागतं, त्यामुळे मजकूर ऐनवेळी बदलता येत नाही. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हंच बसतात, इंग्रजीत १६०. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून मराठी मजकूर आखूड ठेवा. बंद झालेले नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला दिले जातात हेही विसरू नका. वर्षानुवर्षं लॉगिन न झालेल्या खात्याला नुसत्या ओटीपीवर आत घेऊ नका.

सुरक्षा प्रश्न ठेवावेत का?

नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं याच वाटेने उघडलं गेलं. जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा कुठे भेटला, एवढी उत्तरं इंटरनेटवर सापडली. आपल्याकडे आईचं माहेरचं आडनाव लग्नपत्रिकेत 'आजोळ' म्हणून छापलेलं असतं आणि गावाचं नाव आडनावातच असतं. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही असे प्रश्न विचारू नयेत असंच सांगितलं आहे.

नवीन पासवर्ड देवनागरीत ठेवू द्यावा का?

द्यावा, पण तयारी करून. 'दऱ्या' हा शब्द घ्या. यातला ऱ्य तीन प्रकारे टाइप होतो : नुक्ता असलेला एकसंध ऱ, साधा र आणि वेगळा नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, आतली बाइट्स वेगळी असतात. मोबाइलच्या कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड ऑफिसच्या संगणकावर चालत नाही आणि माणूस पुन्हा रिसेट मागतो. पासवर्ड बरोबर असूनही!

जँगो वापरकर्ता नाव युनिकोडच्या एनएफकेसी पद्धतीने एकसारखं करून घेतो, पासवर्ड मात्र जसाच्या तसा हॅश करतो. म्हणून लॉगिन आणि रिसेट या दोन्ही फॉर्ममध्ये पासवर्डला तीच पद्धत तुम्हाला लावावी लागते. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. चालू अ‍ॅपमध्ये हे करताना जुने हॅशही आधी आहे तसे तपासा, नाहीतर कालपर्यंत आत येणारी माणसं बाहेर राहतील.

लांबीकडेही बघा. 'विठ्ठल' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतो, पायथॉन सहा मोजतो. किमान आठ अक्षरांची मर्यादा देवनागरीत वाटते त्यापेक्षा सैल आहे. शिवाय सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डची जी यादी जँगोबरोबर येते, तिच्यात आपले देवदेवता देवनागरीत असतील अशी आशा ठेवू नका. स्वतःची यादी जोडायची सोय ही यादी तपासणाऱ्या व्हॅलिडेटरमध्येच आहे.

रिसेट केल्यावर दुसऱ्या फोनवरचं लॉगिन आपोआप बंद होतं का?

ब्राउझरमधलं होतं. सेशनमध्ये पासवर्डच्या हॅशवरून काढलेली खूण असते आणि १.१० पासून ती दर वेळी तपासली जाते. एपीआयचं टोकन मात्र तसंच जिवंत राहतं. खातं चोरीला गेलं म्हणून रिसेट केलेल्या माणसासाठी हीच तर मुख्य गोष्ट असते, तेव्हा रिसेट झाला की त्याची टोकनं पुसून टाका आणि 'तुमचा पासवर्ड बदलला' असं एक मेलही पाठवा.

ईमेलही हातात नाही, नंबरही बदललाय. माणूस फोन करून मदत मागतोय.

इथे कोड संपतो आणि ऑफिसची शिस्त सुरू होते. २०१२ मध्ये अमेरिकन पत्रकार मॅट होनन यांची खाती अशाच फोनवरून गेली. हल्लेखोराने एका कंपनीकडून त्यांच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे मिळवले आणि दुसऱ्या कंपनीने तेच आकडे ओळख म्हणून मान्य केले.

फोनवर पासवर्ड सांगायचा नाही आणि फोनवर ईमेल बदलायचा नाही. पतसंस्था असेल तर सभासदाने शाखेत यावं, शाळा असेल तर पालकांनी कार्यालयात. ओळखपत्र बघून एका कर्मचाऱ्याने नवीन ईमेल नोंदवावा, दुसऱ्याने मंजूर करावा, आणि जुन्या पत्त्यावर बदलाची सूचना जावी. त्यानंतर रिसेटची लिंक नेहमीच्याच वाटेने पाठवावी. अ‍ॅडमिनमधून कर्मचाऱ्याने हाताने पासवर्ड टाकून द्यायचा आणि 'नंतर बदला' म्हणायचं, हे बंद करा. तो नंतर कुणी बदलत नाही.

लाइव्ह करण्याआधी हे सगळं कसं तपासू?

विकासाच्या संगणकावर कन्सोल ईमेल बॅकएंड लावा, मेल टर्मिनलमध्ये दिसेल. मग ऑटोमेटेड टेस्ट लिहा : लिंक दुसऱ्यांदा वापरून बघा, मुदत उलटल्यावर बघा, ईमेल बदलून बघा, मधे लॉगिन करून बघा, खोटा होस्ट पाठवून बघा, नसलेला पत्ता टाकून उत्तर अक्षरशः सारखं येतं का ते ताडा. जँगो स्वतः विनंत्यांवर मर्यादा घालत नाही, तेव्हा एकाच पत्त्यासाठी शंभर विनंत्या पाठवून तुमची मर्यादा लागते का हेही बघा. शेवटी स्टेजिंगवर (लाइव्हआधीच्या चाचणी सर्व्हरवर) खऱ्या जीमेल पत्त्यावर आणि एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर पूर्ण फेरी मारा. मेल अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरची अडचण टेस्टमध्ये सापडत नाही, ती फोनवरच दिसते.